टेंभी नाक्यावरची हळद

२०२३ साली, तुळशीची लग्नं होऊन लग्नसराई सुरू झाली तेव्हाची ही गोष्ट. ठाण्याला वर्तकनगरात राहणाऱ्या मंदाकिनी चौबळ त्या दिवशी सकाळपासून चिडलेल्या होत्या. पण तो राग हिशेबात धरायचा नाही. घरात कार्य असलं की सगळ्यात मोठ्या बाईने चिडलेलंच असावं लागतं, नाहीतर हार वेळेवर येत नाहीत आणि दूध उतू जातं. खरा राग आला तो दुपारी, आणि तो आला एका गाडीमुळे.

त्यांची नात वल्लरी हिची त्या दिवशी हळद होती, लग्न दुसऱ्या दिवशी. रीत अशी की आधी नवऱ्या मुलाला हळद लागते आणि त्याची उरलेली उष्टी हळद मुलीकडे येते. ती आल्याशिवाय मुलीच्या अंगाला हळद लागत नाही. नवरा मुलगा देवेश केणे, डोंबिवलीजवळच्या कोपरचा. म्हणजे हळद कोपरहून निघून ठाण्यात यायची होती, आणि गुरुजींनी बजावलं होतं की दिवेलागणीच्या आत लागली पाहिजे. वल्लरी जुनी पिवळी साडी नेसून सकाळपासून उपाशी बसली होती. तिचा फोन मंदाकिनीबाईंनी काढून घेऊन कपाटात ठेवला होता. हळदीच्या नवरीने फोनमध्ये डोकं घालून बसायचं नाही, हा नियम त्यांनी त्याच सकाळी केला होता.

उष्टी हळद या विषयावर मंदाकिनीबाईंचा एक जुना राग होता. १९७४ साली त्यांची स्वतःची हळद कल्याणहून ठाण्याला आली. घेऊन येणार होता धाकटा दीर बाळ, लॅम्ब्रेटावरून. तो पोचला तेव्हा दिवे लागून गेले होते आणि मंदाकिनीबाईंच्या आईला घेरी आली होती. चौकशीअंती कळलं की बाळ टेंभी नाक्यावर एका मित्राच्या दुकानात कॅरमचा डाव बघत उभा होता आणि हळदीची वाटी दुकानाच्या काउंटरवर होती. बाळभावोजी आता सत्तरी ओलांडून गेले होते, त्यांचे गुडघे गेले होते, पण ती गोष्ट मंदाकिनीबाई विसरल्या नव्हत्या आणि भावोजींनाही त्यांनी विसरू दिलं नव्हतं.

म्हणूनच मुलाने, म्हणजे वल्लरीच्या वडिलांनी, सलिलने, सकाळी जाहीर केलं की हळद आपल्या गाडीतून येणार, तेव्हा त्यांना आधी बरंच वाटलं होतं.

"आपली कुठली? कंपनीची गाडी ती," त्या म्हणाल्या.

"प्रयोगाची गाडी आहे, आई. रस्त्याशी बोलते."

"आणि रस्ता?"

"रस्त्याकडेला खांब लावलेत ना आम्ही, ते तिच्याशी बोलतात. पुढे खड्डा आहे, पुढे गर्दी आहे, रस्ता बंद आहे. ड्रायव्हर चुकला तरी गाडी चुकत नाही."

"छान आहे. या घरात माझ्याशी कोणी बोलत नाही, आणि गाड्या खांबांशी गप्पा मारतायत."

सलिलचं कामच ते होतं. गाडीने खांबाला काय सांगायचं, खांबाने गाडीला काय सांगायचं, कोणाचं कोणी ऐकायचं आणि कोणावर किती विश्वास ठेवायचा, याचे नियम ठरवणाऱ्या एका समितीवर तो आठ वर्षं होता. आठ वर्षं! लग्न होऊन सासरी आल्यावर कोणाचं कोणी ऐकायचं हे मंदाकिनीबाईंनी आठ दिवसांत ठरवलं होतं, आणि ते नियम अजून चालू होते. सलिलच्या समितीच्या तीन बैठका तर खांबाला खांब म्हणावं की आणखी काही, यातच गेल्या होत्या. खांब एका जागेवरून काढून ठेवला तर काय करायचं, हा मुद्दा त्यामुळे पुढच्या बैठकीवर गेला होता. तो अजून तिथेच होता.

देवेशची ओळखही या खांबांमधूनच झालेली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत खांब उभे करायचं कंत्राट त्याच्याकडे होतं, आणि वल्लरी त्याच कामावर इंजिनीअर. केण्यांची पूर्वी शेती होती, मिठागरं होती. आता त्या जागेवर इमारती आहेत आणि दारात दोन मोठ्या गाड्या. नातेवाइकांपैकी काहींनी या लग्नाला नाकं मुरडली, तेव्हा मंदाकिनीबाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं: "माणसं शब्दाची आहेत. मी बघून आलेय." त्यांचा शब्द आता या हळदीत अडकलेला होता.

दुपारी चारच्या सुमाराला सलिल फोन घेऊन बाहेरच्या खोलीत नाचतच आला.

"निघाली! अरे, निघाली काय, टेंभी नाक्यावर पोचलीसुद्धा!"

"कोपरहून? इतक्यात?" त्याची बायको आसावरी म्हणाली. "शिळफाट्याला माणसं म्हातारी होतात."

"तोच तर फायदा आहे. मोकळा रस्ता कुठला ते खांब सांगतात."

आसावरीने घाईघाईने न्हाणीघरात पाणी तापत ठेवलं. पाच सवाष्णी उठून पदर सारखे करून बसल्या. टेंभी नाका ते वर्तकनगर, म्हणजे आता दारातच. मंदाकिनीबाईंनी स्वतः पाटाभोवतीची रांगोळी सारखी केली. मग सगळे वाट बघत राहिले. पाणी तापलं, उकळलं, निवलं. फोनवरचा निळा ठिपका टेंभी नाक्यावरून हलेना.

"ट्रॅफिक असेल," सलिल म्हणाला.

"तुझी गाडी ट्रॅफिकशी बोलते ना? मग सांग म्हणावं बाजूला हो."

सलिलने ड्रायव्हरला फोन लावला. ड्रायव्हरचं नाव नयन. सलिलने बराच वेळ ऐकून घेतलं, मग आवाज खाली केला. "नयन, खरं काय ते सांग. मी रागावणार नाही... अरे, मला इथे दिसतंय."

"काय म्हणतोय?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"म्हणतो, गाडी पुढे जायला तयार नाही. आणि म्हणतो, तो अजून कोपरलाच आहे."

"आणि गाडी?"

"गाडी म्हणते, मी टेंभी नाक्यावर आहे."

"मग खोटं कोण बोलतंय?"

या प्रश्नावर सलिलने आठ वर्षं घालवली होती. तो छाती काढून म्हणाला, "गाडी खोटं बोलू शकत नाही, आई. तिच्या प्रत्येक निरोपावर सही असते. खांबाच्याही असते. सही तपासल्याशिवाय कोणी कोणाचं ऐकत नाही, हा तर आमचा पहिला नियम."

"म्हणजे गाडीने सही करून दिलंय," मंदाकिनीबाई सावकाश म्हणाल्या, आणि त्यांनी खोलीतल्या खुर्चीवर पेंगणाऱ्या बाळभावोजींकडे असं बघितलं की ते जागे झाले.

आता कोपरला खरं काय झालं होतं ते सांगायला हवं.

गाडी सकाळीच कोपरला सुखरूप पोचली होती आणि मांडवाच्या तोंडाशी उभी होती. दुपारी स्पीकरचा टेम्पो मागे घेताना मांडवाच्या दाराचा एक वासा मोडला. मांडववाल्याला दुसरा मिळेना, म्हणून त्याने देवेशच्या शेडमध्ये आडवा पडलेला एक चांगला लोखंडी खांब उचलून आणला, दारात उभा केला आणि त्याला झेंडूच्या माळा गुंडाळल्या. तो साधा खांब नव्हता. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीची गर्दी असते, रस्ता बंद करतात, तेव्हा तिथे तात्पुरता उभा केलेला तो बोलका खांब होता. नवरात्र संपल्यावर देवेशने तो आणून शेडमध्ये टाकला. त्याच्या पोटातला निरोप पुसायचा होता, तो उद्या पुसू, उद्या पुसू म्हणत राहून गेला. खांबाच्या डोक्यावर उन्हावर चालणारी पट्टी होती. शेडच्या अंधारात तो झोपला होता. मांडवाच्या दारात ऊन लागलं तसा तो जागा झाला, आणि जागं होताच त्याने पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली: टेंभी नाका, रस्ता बंद, मागे फिरा.

गाडीने सही तपासली. सही खरी होती, आणि सहीवाल्या खांबाचं उपग्रहापेक्षा जास्त ऐकायचं हा समितीचाच नियम होता. खांबाचा आवाज हाकेच्या अंतरावरच ऐकू येतो, तेव्हा मी टेंभी नाक्यावरच असणार, असा तिने समजूतदारपणे विचार केला, तसं वर्तकनगरला कळवलं, आणि ती जागच्या जागी खिळून बसली. मागे जायला ती तयार होती. पण मागे मटणाची पातेली होती. आणि गल्ली इतकी अरुंद की ती हलल्याशिवाय केण्यांच्या दोन्ही मोठ्या गाड्या बाहेर निघू शकत नव्हत्या. नयनला वायर उपटायची परवानगी नव्हती. त्यावर कंपनीचं सील होतं.

ही सगळी हकीकत तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती. त्यामुळे मंदाकिनीबाईंनी थेट देवेशच्या वडिलांना, भिवाशेठना, फोन लावला.

"भिवाशेठ, हळद कुठे आहे?"

"आजी, काय सांगू, ही तुमची गाडी बघा ना, हलतच नाय. आमी सगळे इथंच उभे हाव, दारात."

"कुठल्या दारात?"

"आमच्या! कोपरला!"

"भिवाशेठ, मला सगळं कळलंय. तुमची माणसं टेंभी नाक्यावर आहेत. काय खातपीत असतील ते खाऊ देत, पण खोटं बोलू नका."

बँडच्या आवाजावरून ओरडत भिवाशेठ म्हणाले, "आजी, मी गाडीच्या टपावर हात ठेवून बोलतोय."

"गाडीने सही करून दिलंय."

"कसली सही? गाडीला काय हात हायत?"

भिवाशेठनी पुरावा म्हणून मुलीकडून, कल्पिताकडून, गाडीचा फोटो पाठवला. कल्पिताने दाटीवाटीत मिळेल तसा काढला होता. फोटोत गाडीचं नाक, झेंडूच्या माळा, आणि माळांच्या मधून डोकावणारी खांबावरची पिवळी अक्षरं: टेंभी नाका. मंदाकिनीबाईंनी चष्मा लावून फोटो बघितला, मग पाचही सवाष्णींना दाखवला.

"बघा. पाटीसकट काढलाय. एवढा निर्लज्जपणा मी जन्मात बघितला नाही."

त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी बोलण्यावर ताबा राहिला नाही. "शब्दाची माणसं म्हणून मी तुमच्याकडे मुलगी दिली," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी खोटं! पुढे काय काय ऐकायचं आमच्या मुलीने?"

पलीकडे भिवाशेठचा फोन स्पीकरवर होता. देवेशची आजी सखुबाई शेजारीच उभी होती. तिने मुलाच्या हातातून फोन घेतला.

"आमी खोटा बोलताव?" ती म्हणाली. "ती मुकी गारी खरी, न आमी खोटारडे? बाय, उद्या वऱ्हाड आनायचा का नाय, ता तरी एकदा सांग. म्हंजे मटन वाटून टाकताव."

"तुमचं तुम्ही ठरवा!" असं म्हणून मंदाकिनीबाईंनी फोन आपटला. आतल्या खोलीत वल्लरीने ते ऐकलं आणि ती रडायला लागली. उपाशी पोटी रडू लवकर येतं. "आजी, देवेश असं करणार नाही. माझा फोन दे," ती आतून ओरडली.

"हळदीच्या नवरीने मध्ये बोलायचं नाही," मंदाकिनीबाईंनी दुसरा नियम केला. मग त्यांनी चपला घातल्या. "भावोजी, उठा. टेंभी नाक्यावर जायचंय. तिथला कोपरा न् कोपरा तुम्हाला ठाऊक आहे."

रिक्षात बाळभावोजी एकदाच बोलले. "वहिनी, समजा खरंच ते कोपरला असले तर?"

"तर गाडी खोटं बोलली म्हणायचं? तिला काय कॅरम बघायचाय?"

बाळभावोजी गप्प बसले. पन्नास वर्षांत त्यांनी ती एक गोष्ट नीट शिकून घेतली होती.

टेंभी नाका पूर्वी कसा होता आणि आता कसा झाला यावर मंदाकिनीबाई एरवी तासभर बोलल्या असत्या. आज त्यांना एवढंच दिसलं की रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी उभी आहे. तिच्यावर झेंडूची माळ आहे. आत दोन नऊवारीतल्या बायका असून एकीच्या मांडीवर झाकलेली वाटी आहे, आणि बाहेर एक टोपीवाले गृहस्थ वडापाव खात इकडेतिकडे बघत उभे आहेत.

"वहिनी, गाडीचा नंबर विचारून घेऊ सलिलला," बाळभावोजी म्हणाले.

"नंबर कसला विचारताय? पांढरी गाडी, झेंडू, हळद आणि टेंभी नाका. आणखी काय हवं?" त्या तरातरा पुढे गेल्या. "लाज नाही वाटत? तिकडे पोरगी सकाळपासून उपाशी बसलीय आणि तुम्ही इथे वडापाव खाताय?"

गृहस्थांनी दचकून वडापाव पाठीमागे लपवला. "आपण?"

"मी मुलीची आजी!"

गृहस्थांचा चेहरा एकदम उजळला. "अहो, देवच पावला! तासभर थांबलोय आम्ही इथे. तुमच्याकडून कोणीतरी नाक्यावर न्यायला येणार म्हणून सांगितलेलं. मी प्रभाकर, मुलाचा मामा."

"न्यायला? पत्ता माहीत नाही तुम्हाला?"

"वर्तकनगर एवढंच माहीत आहे."

"म्हणजे तासभर इथेच आहात ना? कोपरला नव्हता ना?"

"कोपरला?" प्रभाकरमामा गोंधळले. "नाही बुवा. कोपरला कशाला जाऊ?"

मंदाकिनीबाईंनी विजयाने दिराकडे बघितलं. बाळभावोजींनी हळूच त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "वहिनी, यांच्या बोलण्यावरून हे कोपरचे वाटत नाहीत."

"तुम्ही गप्प बसा. या नाक्यावर तुम्हाला बोलायचा हक्क नाही."

मग त्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्या आणि वर्तकनगर येईपर्यंत त्यांनी मुलाकडच्या माणसांना वेळेचं महत्त्व समजावून सांगितलं. मागच्या दोन्ही बायका माना डोलावत राहिल्या. आपल्या भाच्याला चांगलीच खाष्ट आजेसासू मिळाली, असं प्रभाकरमामांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

घरी आनंदीआनंद झाला. आलेल्यांच्या पायांवर पाणी घातलं, सरबतं दिली. सलिल मात्र गाडीभोवती दोन चकरा मारून आला. "आई, ही आपली गाडी नाही."

"हळद आपली आहे ना? गाडी काय चाटायचीय?"

"पण आपला ठिपका अजून टेंभी नाक्यावरच आहे."

"मग तो तिकडेच राहू दे. माणसं आली." मंदाकिनीबाईंना आता कोणाचंच ऐकायचं नव्हतं. बाहेर उन्हं कलली होती. वल्लरीला पाटावर बसवलं. प्रभाकरमामांबरोबर आलेल्या मामींनी वाटीत आंब्याचं पान बुडवलं, नवरीच्या पायाशी नेलं, आणि प्रेमाने म्हणाल्या, "पोरी, आमच्या ऋतुराजला आत्ताच लावून आलो बरं का."

वल्लरीने पाय झटकन मागे घेतले. "कोण ऋतुराज?"

मामींनी पान वाटीत परत ठेवलं. "तू... तू वैदेही ना?"

पुढची काही मिनिटं सगळे एकदम बोलत होते, म्हणून त्यातलं काही लिहिण्यासारखं नाही. फक्त वल्लरी पाटावरून उठली, कपाट उघडलं, आणि तिने आपला फोन घेतला. आजीने केलेले दोन्ही नियम तिने एकाच वेळी मोडले. आजीच्या फोनवरचा कल्पिताचा फोटो बघितला, मोठा करून बघितला, आणि स्पीकरवर देवेशला फोन लावला.

"वल्लरी! अगं इथे राडा झालाय..."

"ते राहू दे. नवरात्रातला टेंभी नाक्याचा खांब कुठाय?"

"शेडमध्ये."

"शेडमध्ये नाहीये. तू कुठे बसलायस?"

हळद लागलेल्या नवऱ्याने मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नसतं, म्हणून देवेश मांडवाच्या दारापर्यंत येऊन तिथल्या खांबाला पाठ टेकून बसला होता. त्याने मान वर केली. झेंडूच्या माळा बाजूला सारल्या. पिवळी अक्षरं वाचली.

"वल्लरी," तो म्हणाला, "आपल्या घरच्यांना आत्ता सांगायचं का लग्न झाल्यावर सांगायचं?"

"आत्ता! डोक्यावर पोतं टाक त्याच्या. आणि हळद पाठव."

"हळद नाहीये इथे. आजी घेऊन गेली. कधीचीच."

"कुठे?"

"तुमच्याकडे. भांडायला."

मंदाकिनीबाई खुर्चीवर बसल्या. गाडी खोटं बोलली होती. सही करून, छाती काढून खोटं बोलली होती, आणि भिवाशेठ टपावर हात ठेवून खरं बोलत होते. त्यांनी सलिलकडे बघितलं. सलिल फोनवरच्या निळ्या ठिपक्याकडे बघत होता. तेवढ्यात ठिपका टेंभी नाक्यावरून नाहीसा होऊन कोपरला उगवला. कोपरला कोणीतरी पोतं टाकलं होतं.

"सही खरी होती, आई," तो पुटपुटला. "फक्त पत्ता..."

"आठ वर्षं!" मंदाकिनीबाई एवढंच म्हणाल्या, पण अशा आवाजात की शेजारच्या बिल्डिंगमधली खिडकी उघडली.

दारात रिक्षा थांबली ती तेव्हाच. सखुबाई उतरली. तिच्या मागून केण्यांकडची धवलारीण बायजा उतरली. लग्नात धवले गाणारी ही म्हातारी कोपरपासून गाणं न म्हणता फक्त सखुबाईचा राग ऐकत आली होती. शिळफाटा, मुंब्रा बायपास, कळवा, सगळीकडची धूळ दोघींच्या पातळांवर होती. सखुबाईने पदराखालून झाकलेली वाटी काढली आणि आलेल्या गर्दीकडे न बघता सरळ मंदाकिनीबाईंच्या पुढ्यात धरली.

"घे. न नीट बग. टेंभी नाक्यावरची नाय. माजे घरची हाय, माजे हातची. आता बोल, खोटा कोन बोलला?"

चूक कबूल करायची मंदाकिनीबाईंना सवय नव्हती. त्या कामासाठी घरात बाळभावोजी होते. बाहेर संधिप्रकाश पिवळा पडत चालला होता. पाच सवाष्णी, दोन पाहुण्या बायका, सगळ्या एकीकडून दुसरीकडे बघत होत्या. वल्लरी पाटाजवळ तशीच उभी होती, कोरड्या पायांनी.

आणि प्रभाकरमामांचा फोन वाजला. पलीकडच्या, वैदेहीच्या घरच्या बाईंचा आवाज इतका मोठा होता की स्पीकरची गरजच नव्हती.

"कुठे आहात तुम्ही? आमचा माणूस नाक्यावर उभा राहून परत आला!"

"अहो, आम्ही वर्तकनगरातच आहोत, तुमच्याच... म्हणजे तुमच्या नाही, पण..."

"खोटं बोलू नका! उपाशी बसलीय आमची पोरगी! पहिल्याच दिवशी खोटं!"

मंदाकिनीबाई उठल्या. त्यांनी मामांच्या हातातून फोन घेतला आणि एकेक शब्द स्वच्छ उच्चारत म्हणाल्या, "हे खोटं बोलत नाहीयेत. माझ्या घरात उभे आहेत. मी त्यांना रस्त्यातून उचलून आणलंय, चूक माझी आहे. आणि एक सांगते बाई, समोरचा माणूस गाडीच्या टपावर हात ठेवून सांगत असेल ना, की मी इथे आहे, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा. मी ठेवला नाही. आत्ता लाज वाटतेय."

हे बोलताना त्या फोनकडे बघत नव्हत्या, सखुबाईकडे बघत होत्या.

सखुबाईने वाटीवरचं फडकं काढलं. "झाला ना बोलून?" ती म्हणाली. "मंग आता लावा. नायतर अंधार परल न म्हनाल हलद कोपरच्यांनी लेट केली." बायजाने घसा साफ केला आणि पहिला धवला धरला. मंदाकिनीबाईंनी स्वतःच्या हाताने आंब्याचं पान वाटीत बुडवलं. दिवेलागण व्हायला अजून थोडा अवकाश होता, असं त्या आजही सांगतात. घड्याळात कोणीच बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी त्या घरात ते चाललं नसतं.

प्रभाकरमामांना सलिलने आपल्या साध्या, मुक्या गाडीतून वैदेहीच्या घरी पोचवलं. ते घर दोन बिल्डिंगा पलीकडे होतं. ऋतुराज आणि वैदेही आता पुण्याला असतात. दर दिवाळीला मंदाकिनीबाईंना त्यांचा फोन येतो, आणि त्या त्यांनाही वेळेचं महत्त्व सांगतात.

नयनने ती नोकरी सोडली आणि स्वतःची रिक्षा घेतली. ती कोणाशीच बोलत नाही. सलिलच्या समितीने खांब काढून ठेवण्याचा मुद्दा अखेर बैठकीत घेतला, आणि काढलेल्या खांबाने आधी आपण कुठे आहोत याची खात्री करावी, मगच तोंड उघडावं असा नियम झाला. मंदाकिनीबाईंचं म्हणणं, हा नियम माणसांनाही लावावा. बाळभावोजींना वाटलं होतं की आता १९७४ सालचा विषय मिटेल. मिटला नाही. उलट टेंभी नाक्यावर रेंगाळायची त्यांचीच सवय त्या गाडीला लागली, असं आता सांगण्यात येतं.

तो खांब सखुबाईने परत दिला नाही. अंगणात उभा आहे. एरवी त्याच्या डोक्यावर पोतं असतं आणि कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली असते. हल्ली त्या गल्लीत लोक नव्या, बोलक्या गाड्या आणून दारासमोर लावायला लागले, की ती शांतपणे उठून पोतं काढते.

वल्लरी कोपरला नांदते आहे. माहेरी यायला निघाली की सलिल अजून फोनवरचा ठिपका बघत बसतो आणि मोठ्याने सांगत राहतो, आता इथे आली, आता तिथे आली. मंदाकिनीबाई तिकडे लक्ष देत नाहीत. त्या कोपरला फोन लावतात. सखुबाई फोन उचलते, म्हणते, "निंगाली गो." आणि मंदाकिनीबाई भात टाकतात.